डावीकडे सरकणारा नेम

स्टुटगार्टला एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला आमची मंडळी जमतात, तेव्हा जेवणाच्या रांगेत एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही कुठल्या कंपनीत?" रांगेतले बाकी सगळे मोटारवाले, गिअरबॉक्सवाले, नाहीतर सॉफ्टवेअरवाले. मी पुष्कळ वर्षं "टूलरूममध्ये" एवढंच सांगून पुलाव वाढून घेत असे. एकदा मात्र खरं सांगून टाकलं. म्हटलं, ठासणीच्या बंदुकांचा नेम बसवतो. समोरचे गृहस्थ हसले, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबले आणि प्लेट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. यंदा मी निवृत्त झालो. आता कुणी उठून गेलं तरी चालेल, म्हणून लिहायला बसलोय.

मी मूळचा नागपूरचा, आडनाव गजभिये. तिकडे सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात टूलरूमला होतो. माझी बायको सुजाता कायझर्सलाउटर्नला एका संशोधन संस्थेत लागली आणि मी तिच्या मागोमाग तिच्या व्हिसावर आलो. पहिले काही महिने भाषेचा वर्ग, स्वयंपाक आणि कचऱ्याचे पाच प्रकारचे डबे एवढंच माझं जग होतं. मग शहरापासून अर्ध्या तासावर, जंगलाच्या कडेला असलेल्या फ्राऊ हाउक यांच्या दुकानात काम मिळालं. फ्राऊ हाउक या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागीर, या धंद्यातल्या मास्टर. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि "गेनाऊ" (म्हणजे 'बरोब्बर') हा शब्द त्या इतक्या तऱ्हांनी म्हणत की त्यातून शाबासकी आणि शिवी दोन्ही निघत. त्यांना जुन्या बंदुकांसाठी कानस धरता येणारा माणूस हवा होता. मला नोकरी हवी होती.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बापानं घरातले देव बाहेर काढले, पंचशील घेतलं, आन् तू शिकाऱ्यायच्या बंदुका नीट करून देतं?"

मी म्हटलं, "आई, नेम नीट असला तर जनावर तडफडत नाही. एका गोळीत संपतं."

"म्हणजे तूच मारतं," आई म्हणाली. आईपुढे आजवर कुणाचं चाललंय! मी स्वतः कधी जनावरावर बंदूक चालवली नाही हे खरं, पण सावजी मटण समोर आलं की मला शील आठवत नाही हेही तितकंच खरं.

आता धंदा थोडक्यात सांगतो. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी तोंडाशी ठेवायची आणि लांब गजानं ती तळापर्यंत ठासायची. मग मागे एका बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतो. जर्मनीत या बंदुकीनं शिकार करता येत नाही, कायदा आडवा येतो. पण पलीकडे सीमेपार फ्रान्समध्ये चालते, आणि ती सीमा आमच्याकडून तासाभरावर. त्यामुळे शरद ऋतू लागला की आमच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ लागे.

नेम बसवायचा म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरची माशी आणि मागची खाच एका रेषेत धरल्यावर गोळी तिथंच लागली पाहिजे. गोळ्या डावीकडे जात असतील तर मागची खाच पितळी खुंटीनं केसभर उजवीकडे ठोकायची. गोळ्या खाली पडत असतील तर माशी कानशीनं घासून बुटकी करायची. खाच पुन्हा मागे सरकवता येते, पण घासलेली माशी काही परत वाढत नाही. म्हणून कानस हातात घेण्याआधी मी दोन वेळा चहा पीत असे. आणि शेवटची गोष्ट म्हणजे, नेम एकट्या बंदुकीचा नसतो. तीच बंदूक माझ्या गालाला आणि माझ्या डोळ्याला एक सांगते, तुमच्याला दुसरं. म्हणून ज्याची बंदूक त्यालाच बसवून गोळ्या झाडायला लावायच्या, आणि त्याच्या डोळ्याला खाच जुळवून द्यायची.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक दाताचे डॉक्टर दारू घालायलाच विसरले आणि गोळी ठासून बसले. मग "गोळी उडत नाही" म्हणून बंदुकीवर रुसले. एकानं गज नळीतच ठेवून चाप ओढला. गज लक्ष्याच्या बरोब्बर मध्ये जाऊन रुतला आणि त्यानं तो फोटो अख्ख्या गावाला दाखवला. अशा गोष्टी सांगून मी एक दिवाळी काढू शकतो. पण माझ्या मनातून जात नाहीत ते एकटे हेर फोल्मर. हेर म्हणजे जर्मनमध्ये 'श्रीयुत', जसं बाईला फ्राऊ.

फोल्मर म्हणजे निवृत्त फॉरेस्टर. ऐंशी ओलांडलेले, ताडमाड, जाड लोकरीचा हिरवा कोट. त्यांची मुलगी आनेट त्यांना गाडीनं आणून सोडायची आणि गाडीतच बसून राहायची. तिला बंदुकांचा वासही आवडत नसे. फोल्मरांची बंदूक त्यांच्या आजोबांची, नळी गंजल्यामुळे आम्ही ती आतून नव्यानं करून दिली होती. नवी नळी म्हणजे नवा नेम. नोव्हेंबरच्या अखेरीस फ्रान्समधल्या मित्रांच्या टोळीबरोबर ते रानडुकरांच्या हाक्याला जाणार होते. "शेवटचं," असं ते म्हणाले, आणि ते म्हणण्यात रडगाणं नव्हतं. हाका म्हणजे काय हे आपल्याकडच्या जुन्या शिकारकथा वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. गावातली माणसं, बायाबापड्या, कॉलेजची पोरं नारिंगी जॅकेटं घालून जंगलातून ओरडत चालतात आणि जनावरं बंदुकीवाल्यांच्या दिशेनं पिटाळतात. ही माणसं जिथून चालतात तिथंच आजूबाजूला बंदुका रोखलेल्या असतात.

नेम बसवायला आम्ही तांबड्या दगडाची एक जुनी खाण वापरत असू. तिन्ही बाजूंना सरळ कापलेल्या कड्यासारख्या भिंती, त्यांवर शेवाळ, खाली ओलं बिनझाडांचं पटांगण. गोळी बाहेर जाण्याची भीती नाही, पण धूरही बाहेर जात नाही. बार काढला की पांढरा पडदा समोर लटकतो आणि लक्ष्य दिसेनासं होतं. शरदात त्यात धुकंही मिसळतं. मग नुसतं थांबायचं. खाणीत पाणी ठिबकत असतं, तेवढाच आवाज.

पहिल्या गुरुवारी मी पन्नास मीटरवर पांढरा कागद लावला, मधोमध काळी चकती. फोल्मर बाकावर बसले, वाळूच्या पिशवीवर नळी टेकवली, श्वास सोडला आणि चाप ओढला. धूर उठला. त्या धुराकडे बघत ते पुटपुटले, "अजून उभा आहे."

मला वाटलं, शिकाऱ्यांची काहीतरी थट्टा असेल. जर्मन थट्टा मला उशिराच कळते. धूर विरल्यावर बघतो तर गोळी चकतीच्या डावीकडे वीतभर. दुसरी तिच्या शेजारी. तिसरीही तिथंच. तिन्ही भोकं मिळून एका बशीखाली झाकली गेली असती. मी खूश झालो. गोळ्या विखुरल्या तर गोंधळ असतो, एकत्र पडल्या तर नुसतं ठोकायचं काम. मी खाच उजवीकडे सरकवली. "पुढच्या गुरुवारी मध्ये लागेल," मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तिन्ही गोळ्या डावीकडे वीतभर.

असं होऊ शकत नाही. खाच हलवली की गोळी हलतेच, ती काय माझी मुलगी आहे का, मराठीत सांगितलेलं ऐकून घेऊन जर्मनमध्ये उलट बोलायला! मी खाच घट्ट आहे का बघितली. स्क्रू बघितले. शेवटी फोल्मरांची परवानगी घेऊन स्वतः बाकावर बसलो आणि एक बार काढला. माझी गोळी चकतीच्या उजवीकडे वीतभर, म्हणजे जेवढं सरकवलं तेवढी. बंदूक निमूट आपलं काम करत होती.

दुकानात फ्राऊ हाउक म्हणाल्या, "गिऱ्हाइकाच्या डोळ्याला बसव, तुझ्या नाही. गेनाऊ." त्या दिवशीचा 'गेनाऊ' शाबासकीचा नव्हता. मी खाच आणखी उजवीकडे ठोकली. हात ठोकत होता, पण मन मानत नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी धुकं इतकं होतं की खाणीच्या भिंती मधूनच कुठेतरी सुरू झाल्यासारख्या वाटत होत्या. मी मोठा पुठ्ठा लावला होता. फोल्मर बसले, गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्याला टेकवला आणि चाप न ओढता म्हणाले, "आज तो आणखी बाजूला सरकलाय."

"कोण?"

"हरिण. आणखी कोण?" मंद पोराशी बोलावं तसं ते म्हणाले. "तुम्हीच तर लावलंय."

तेव्हा कुठे मला उमगलं. इथले शिकारी सरावासाठी छापील हरणाचा कागद लावतात, छोट्या चणीचं नर हरिण, आडवं उभं. फोल्मरांना वाटत होतं की मी तसाच कागद लावलाय. समोर तर नुसता पुठ्ठा होता आणि त्यावर चकती. हरिण कुठेच नव्हतं.

  मी जरा धीर करून विचारलं, "कसा उभा आहे?"

"आडवा. मान पलीकडे वळवलेली." ते नळीवरून बघतच होते. "चांगलं छापलंय. आज थंडी आहे ना, त्याचा श्वाससुद्धा दिसतोय."

आणि ते थांबले. मीही थांबलो. कागदावरचं हरिण श्वास घेत नाही हे त्या बाकावरच्या दोघांनाही एकाच वेळी कळलं होतं. पाणी ठिबकत होतं. फोल्मरांनी अंगठ्यानं टोपी काढून खिशात टाकली, घोडा हळूच खाली आणला आणि म्हणाले, "आल्झो, चला. आजच्यापुरतं पुरे." मग आतली गोळी काढायची म्हणून मी ती बंदूक मातीच्या ढिगाऱ्याकडे रोखून रिकामी केली. तो बार खाणीत नेहमीपेक्षा जास्त वेळ घुमत राहिला. धुरातून पलीकडे बघायचं मी टाळलं.

आमच्या घरात भूत, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींना कधीच थारा नव्हता. रात्री पिंपळाखालून जायला घाबरलो तर वडील मुद्दाम तिथंच उभं करायचे आणि पानं मोजायला लावायचे. म्हणून संध्याकाळी सुजाताला मी मोघम, हसत हसत सांगितलं. ती हसली नाही.

"अहो, त्यांच्या डोळ्याचा मध्य गेला असेल," ती म्हणाली. "म्हातारपणी पडद्याचा मधला भाग मरतो. कडेनं दिसतं, मध्ये भोक. मग माणूस नकळत कडेनं बघायला शिकतो, त्यामुळे नेम सरकत असेल. भोक वाढलं की आणखी सरकणार."

"आणि हरिण?"

"भोक रिकामं ठेवायला मेंदूला आवडत नाही. तो आपलं चित्र भरतो. चेहरे, माणसं, जनावरं. डोकं शाबूत असलेल्यांना दिसतं हे. फक्त कुणी सांगत नाही, लोक वेडं ठरवतील म्हणून." ती पोळी लाटता लाटता थांबली. "ते शिकारीला जाणार आहेत ना? हाक्याच्या?"

तेव्हापासून माझी झोप गेली. हरिण कुठून आलं हे कळलं होतं, त्यामुळे भीती कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच. त्या बंदुकीची खाच मी दोन वेळा ठोकली होती. त्यांना जे दिसत होतं त्यावर गोळी बरोब्बर जावी अशी सोय मी माझ्या हातांनी करून देत होतो. फ्राऊ हाउकना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "बंदूक द्यायची नाही, हे सोपं आहे. त्यांच्याकडे घरी आणखी तीन आहेत. त्यांनी स्वतः खाली ठेवली पाहिजे."

चौथ्या गुरुवारी फोल्मर आले ते तयारीनंच. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "डोळ्यांचं मला माहीत आहे. डॉक्टरनं वसंतातच सांगितलं. आनेटला सांगू नका. आणि तो खरा नाही हेही मला माहीत आहे. सांगू कसं? त्याच्या डोक्यावर शिंगं आहेत. नोव्हेंबरात या हरणांची शिंगं गळून पडलेली असतात. चाळीस वर्षं जंगल सांभाळलंय मी, हेर गजभिये. खरं काय आणि खोटं काय ते मला कळतं. तुम्ही खाच बसवा."

बिनतोड मुद्दा होता. वाद घालायला माझी जर्मन पुरी पडली नसती, आणि पडली असती तरी त्या माणसासमोर मी जिंकलो नसतो. त्यांच्याबद्दल मला आदर होता आणि त्या वेळी त्यांचा रागही येत होता. मी बंदूक उचलली, गज नळीत सोडला. गज तळाला टेकून लोखंडावर लोखंड असं टण्ण वाजला, म्हणजे आत काही नाही. त्यांनाही वाजवून दाखवलं. दारूची पिशवी आणि टोप्यांची डबी मी माझ्या खिशात घातली. मग माझं नारिंगी जॅकेट चढवलं आणि म्हटलं, "मी पलीकडे जाऊन उभा राहतो. तुम्ही नळीवरून बघा आणि काय दिसतं ते सांगा."

"या, या," ते म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये हो, हो. त्यांना ते पोरकट वाटत होतं.

मी चालत गेलो. आयुष्यात शेकडो वेळा त्या पटांगणातून गेलो असेन, कागद लावायला, कागद काढायला. बंदूक रिकामी आहे हे माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी पाठीला मुंग्या येत होत्या. पुठ्ठ्याच्या डावीकडे जिथं त्यांच्या गोळ्या पडत होत्या, बरोब्बर तिथं जाऊन मी वळलो. समोर बाकावर ते, नळी माझ्याकडे. मी दोन्ही हात वर केले.

"काय दिसतंय?" मी ओरडलो.

"तोच. आडवा उभा."

"आणि मी?"

 मी हात हलवले, एकदा उडीसुद्धा मारली, त्या वयात, त्या चिखलात. मग त्यांचा आवाज आला, जरासा वैतागलेला. "चाला की पुढे. अजून पोहोचला नाहीत का?"

"मी पोहोचलोय, हेर फोल्मर. मी उभा आहे."

"कुठे?"

"तो जिथं आहे तिथं."

 मी वडिलांचा मुलगा, पण शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला वळून मागे बघायचा धीर झाला नाही. माझ्या मानेशी कुणाचा तरी ऊबदार श्वास लागेल असं वाटत होतं. पलीकडे नळी हळूहळू खाली गेली. मी जवळजवळ पळतच परत आलो. फोल्मर बाकावर तसेच बसले होते. मी जवळ आलो तसा त्यांनी हात पुढे करून चाचपडत माझी बाही पकडली आणि धरूनच ठेवली.

"तुम्हाला पुसून टाकलं त्यानं," ते म्हणाले. "नसलेलं दिसतं त्याची मी तयारी केली होती. असलेलं दिसत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

बंदूक त्यांनी स्वतःच्या हातांनी खोळीत घातली आणि माझ्याकडे दिली. घरच्या तिन्ही बंदुकाही आठवड्याभरात आनेटनं दुकानात आणून दिल्या. का ते तिनं विचारलं नाही, कदाचित तिला आधीच कळलं असावं. एक अट मात्र म्हाताऱ्यानं घातली. हाक्याला ते जाणार. बंदुकीशिवाय नुसतं बसायला. आनेट येणार नव्हती, तेव्हा मीच गाडी काढली. सुजातानं डब्यात आलूबोंडे दिले होते. ते त्यांनी वाटेतच संपवले आणि तिखटामुळे डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी आहेत का म्हणून विचारलं.

फ्रान्समधलं जंगल आमच्यासारखंच, तोच तांबडा दगड, तीच बीचची झाडं. हाक्याच्या म्होरक्यानं, एका दांडग्या सुतारानं, फोल्मरांना मिठी मारली आणि त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघून काहीच विचारलं नाही. आम्हाला एका मोकळवणाच्या कडेला बसवलं. धुकं होतं. फोल्मरांनी काठी मांडीवर आडवी धरली होती, बंदूक धरतात तशी. कुठेतरी शिंग वाजलं, कुत्री भुंकली, माणसांचे आवाज उठले आणि झाडांत विरले. एक-दोन बार झाले, लांब कुठेतरी. मग आमच्या बाजूला एकदम सामसूम.

फोल्मरांची बोटं माझ्या गुडघ्यावर आली.

"आला," ते कुजबुजले. "त्या जाड खोडाच्या डावीकडे. आडवा." त्यांचा हात वर उठला, सरळ, न थरथरता. असा हात बंदुकीखाली असता तर गोळी कुठे लागली असती ते मला कागद न बघता सांगता आलं असतं.

मी त्या बोटाच्या रेषेत बघितलं. खोडाच्या डावीकडे नारिंगी जॅकेट घातलेली एक बाई थांबली होती. काटेरी वेल तिच्या पँटला अडकला होता आणि ती वाकून तो सोडवत होती. आडवी उभी, मान पलीकडे वळवलेली. तोंडातून वाफ निघत होती.

"काय आहे तिथं?" त्यांनी विचारलं. हात तसाच.

 "बाई आहे," मी म्हटलं. "हाकाऱ्यांपैकी. पँटला काटेरी वेल अडकलाय, तो सोडवतेय."

"तो नाही?"

"नाही, हेर फोल्मर. बाईच आहे."

वेल सुटला. ती सरळ झाली, आम्हाला बघून हात हलवला आणि "हो, हो, हो" असं ओरडत झाडांत शिरली. फोल्मरांना तिचा आवाज ऐकू आला असणार. त्यांचा हात खाली आला तो माझ्या हातात आला. मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो. मलाही रडू येत होतं, आणि ते लपवायची गरज नव्हती, त्यांना दिसणार नव्हतं.

दुपारी मारलेली डुकरं एका मैदानात पाइनच्या फांद्यांवर ओळीनं मांडली. इथली एक रीत आहे. मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. त्याच्याशी आपलं वैर नव्हतं, असा त्याचा अर्थ. तो मान म्होरक्यानं त्या दिवशी फोल्मरांना दिला. माझ्या खांद्यावर एक हात ठेवून ते ओळीच्या बाजूनं चालले. प्रत्येक डुकराशी गुडघे टेकायचे, चाचपडून जबडा शोधायचा, डहाळी ठेवायची, आणि एक क्षण तळहात त्याच्या मानेवर. सगळे टोप्या काढून उभे होते.

शेवटचं डुक्कर झालं. मी त्यांना वळवायला लागलो तर त्यांनी माझ्या खांद्यावरची पकड घट्ट केली आणि आणखी दोन पावलं पुढे गेले. ओळ तिथं संपत होती. पुढे नुसतं गवत, त्यावर दहिवर. ते गुडघ्यांवर बसले. हात पुढे केला, हवेत कशाच्या तरी डोक्यावरून फिरवावा तसा फिरवला. मग खिशातून एक डहाळी काढली आणि अगदी सांभाळून, कुणाच्या ओठांना लागू नये अशी, त्या मोकळ्या जमिनीवर ठेवली.

कुणी हसलं नाही. म्होरक्या सुतारानं आधी माझ्याकडे बघितलं, मग शिंगवाल्याला खूण केली. शिंग वाजलं, एका जनावरासाठी वाजवतात तेवढं.

मग पांगापांग झाली. दारूचे पेले निघाले, गाड्यांची दारं वाजली, कुत्री गाड्यांत चढली. पार्किंगकडे जायची सरळ वाट त्या डहाळीवरूनच होती. ती वेल सोडवणारी बाई तिथवर आली, क्षणभर थांबली आणि बाजूनं वळसा घालून गेली. तिच्या मागचे सगळेच तसे गेले. मी फोल्मरांना धरून निघालो आणि मीही वळसा घातला, एक अख्खं हरिण मावेल एवढा.